राजाच्या मागे चपला घेऊन

ऑगस्टमध्ये बहरीनच्या झल्लाक किनाऱ्यावर मी अनवाणी चाललो, तिथून हे सगळं सुरू झालं. गाडी लावली तिथून पाणी हाकेच्या अंतरावर होतं. उन्हं उतरली होती, पण वाळू दिवसभर तापलेली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ऐटीत पुढे निघालो. बायको माझ्या चपला हातात घेऊन मागून येत होती.

"अवो, चपला घाला. पाय भाजतले."

मला काहीच भाजत नव्हतं. पायाखाली कुणीतरी जुनी गोधडी अंथरली आहे आणि आपण तिच्यावरून तरंगत चाललो आहोत, असं वाटत होतं. समोरचं पाणी हलतही नव्हतं. आकाश आणि समुद्र यांच्यामधली रेघ पुसून गेली होती. आपण अजून किती कणखर आहोत, या विचाराने मी मनातल्या मनात खूश होतो. मधुमेहाने माझ्या पायांची जाणीव हळूहळू काढून घेतली होती, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण जे जाणवत नाही ते गेलंय हे जाणवणार तरी कसं?

घरी आल्यावर मुलीला फरशीवर ओले ठसे दिसले. पाण्याचे नव्हते. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली मोठा फोड आला होता आणि तो फुटलासुद्धा होता.

फोडाची जखम झाली आणि जखम महिना-दीड महिना काही भरेना. हॉस्पिटलातली डॉक्टरीण बहरीनचीच, हळू आवाजात बोलणारी. तिने एक दिवस माझा पाय मांडीवर घेतल्यासारखा जवळ घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अंगठा वाचवायचा प्रयत्न करू, इंशाल्ला. नाही वाचला तर पाय वाचवण्यासाठी तो काढावा लागेल."

माणसाला अशा वेळी नोकरी आठवावी, व्हिसा आठवावा. मला चावदीस आठवला.

आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे नरकचतुर्दशीला चावदीस म्हणतात. उजाडायच्या आत तेल-उटणं लावून आंघोळ करायची आणि तुळशीपुढे कारीट फोडायचं. कारीट म्हणजे रानातलं लहानसं, कडूजहर फळ. तोच नरकासुर. घरच्या कर्त्या पुरुषाने डाव्या पायाच्या अंगठ्याने तो चिरडायचा, "गोविंदा, गोविंदा" म्हणायचं, त्यातलं थोडंसं बोटाने जिभेला लावायचं आणि बी कपाळाला. मग फोव खायचे, म्हणजे पोहे, पाच तऱ्हांचे. माझे वडील शाळेत कारकून होते आणि जगातल्या प्रत्येकाला घाबरायचे. हेडमास्तरांना तर घाबरायचेच, शिपायालाही घाबरायचे. पण त्या एका सकाळी उघड्या अंगाने तुळशीपुढे उभे राहिले, की ते कुणीतरी वेगळेच वाटत. अंगठा असा टेकवायचे, की बिया पार भिंतीपर्यंत उडत. आम्ही भावंडं मागे थंडीत कुडकुडत उभी असायचो आणि मला वाटायचं, आता वर्षभर आपल्या घराला काही होणार नाही.

ते काम नंतर माझ्याकडे आलं आणि मी ते इकडे बहरीनला, हमद टाउनला घेऊन आलो. इथे कारीट कुठलं? पहिली काही वर्षं मी टोमॅटोवर भागवलं. मुलगी तेव्हा लहान होती. डोळे चोळत तिने विचारलं होतं, "बाबा, व्हाय आर वी किलिंग अ टोमॅटो?" तिचं म्हणणं बरोबर होतं. टोमॅटोत राक्षसाचं काही नसतं. मग मी कोपऱ्यावरच्या केरळी कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, तोंडली आणायला लागलो. पण तोंडलं फुटत नाही, निसटतं. तेव्हा तुळस दाराबाहेर जिन्यापाशी असायची. एका चावदिसाला मी अंगठा जोरात दाबला, तर तोंडलं सुटलं ते थेट समोरच्या दारातून बाहेर पडणाऱ्या शेजाऱ्याच्या बुटाला जाऊन लागलं.

शेजारी इजिप्तचा. एका खाजगी शाळेत इतिहास शिकवतो. दणकट बांधा, कपाळावर कायमची आठी. त्याने तोंडलं उचललं, माझ्या तेलकट उघड्या अंगाकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे काय?"

"शत्रू," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

कुणी दुसरा असता तर हसला असता. तो मात्र गंभीर झाला आणि म्हणाला, "कोणता पाय?"

तेव्हापासून आमची दोस्ती. जुन्या इजिप्तचे राजे त्याचे सख्खे काका असावेत, तसा तो त्यांच्याबद्दल बोलतो. अरबीत त्या राजांना 'फराअना' म्हणतात. त्याच दिवाळीत तो दारात उभा राहून मला त्यांच्याविषयी सांगत होता. आतून चकलीचा सोऱ्या फिरवत बायको ओरडली, "फराळ अजून जावक नाय म्हणान सांगा तेंका. संध्याकाळी या म्हणा." त्यानंतर आमच्या घरात त्या राजांचं नाव फराळच पडलं. "आज कितवो फराळ सांगल्यानी?" असं बायको विचारायची.

जखमेच्या दिवसांत मी सिक लीव्हवर घरी होतो. डावा पाय स्टुलावर, स्टुलावर उशी, आणि बाहेर सप्टेंबरचं पांढरं ऊन. एसीचा घरघराट इतका सतत चालायचा, की काही वेळाने तो ऐकू येणं बंद व्हायचं आणि मग काळही चालायचा थांबायचा. संध्याकाळी शेजारी यायचा, त्याच्या घरून दुधाशिवायचा लालभडक चहा घेऊन. माझ्याजवळ बसायचा आणि फोनवर एकेक चित्र दाखवायचा. मी अर्धा जागा, अर्धा झोपेत ऐकायचो. त्यामुळे आजही त्यातलं काय त्याने सांगितलं आणि काय मला दिसलं, याची मी खात्री देत नाही.

माझा पाय स्टुलावर बघून त्याने एकदा सांगितलं, की त्यांच्या राजांच्या पाय ठेवायच्या चौरंगावर शत्रूंची चित्रं कोरलेली असत. नऊ धनुष्यं काढली, की जगातले सगळे शत्रू आले. चपलांच्या तळाशीसुद्धा हात बांधलेली माणसं रंगवलेली. म्हणजे राजा नुसता न्हाणीघरापर्यंत चालत गेला तरी पावलापावलाला शत्रू चिरडले जात. बसला तरी चिरडले जात.

"आणि त्याला ते पायाखाली टोचायचे नाहीत?" मी विचारलं.

"राजाला कशाला टोचतील?"

मी माझ्या पायाकडे बघितलं. मलाही टोचत नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्याने सगळ्यांत जुनं चित्र काढलं. राखाडी दगडाची पाटी. राजाने एका हाताने गुडघे टेकलेल्या शत्रूची शेंडी धरली आहे आणि दुसऱ्या हातात गदा उगारली आहे. वर होरस देव ससाण्याच्या रूपाने बसलेला. ससाणा म्हणजेच राजा, राजा म्हणजेच ससाणा. शेजारी म्हणाला, ही उगारलेली गदा पुढे हजारो वर्षं प्रत्येक देवळाच्या भिंतीवर तशीच आहे. राजे बदलले, शत्रूंची तोंडं बदलली, हात तसाच वर. मला तो हात बघत राहावासा वाटला. कधी खाली न येणारा हात. किती भरून आला असेल.

"नीट बघ," तो म्हणाला. "राजाच्या पायात काही नाही."

खरंच, राजा अनवाणी होता. त्याच्या मागे एक बुटका माणूस उभा होता आणि त्याच्या हातात राजाच्या चपला होत्या.

"कारण ही लढाई नाही," शेजारी म्हणाला. "ही पूजा आहे. तू देवापुढे चपला घालून जातोस का? राजाने शत्रूला मारलं नाही, तर अंधार आणि गोंधळ पुन्हा जगात शिरेल. नदीला पूर येणार नाही, सूर्य उगवणार नाही. नीट चाललेल्या जगाला आमच्यात मआत म्हणत. देवी होती ती. तिच्यासाठी तो अनवाणी उभा आहे."

माझं लक्ष देवीकडे नव्हतंच. मी त्या चपलावाल्याकडे बघत होतो. बायको कप न्यायला आली तेव्हा मी तिला फोन दाखवला. "बघ, हा राजाच्या मागून चपला घेऊन फिरतोय."

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बघितलं. "हेचा तरी राजा ऐकता काय?" म्हणाली आणि कप घेऊन गेली.

मुलगी आता कॉलेजात जाते. ती टेबलाशी अभ्यास करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बट विच वॉर वॉज इट?"

शेजाऱ्याला हा प्रश्न आवडला. तो म्हणाला, कदाचित कोणतंच नाही. ज्यांनी जन्मात रणांगण पाहिलं नाही, त्या राजांनीही स्वतःला असंच कोरून घेतलं. एक तर पोरसवदा राजा होता, त्याचा डावा पाय अधू होता म्हणतात. त्याच्या थडग्यात चालायच्या काठ्यांचा ढीग सापडला. पण त्याच थडग्यातल्या पेटीवर बघावं, तर गडी रथात ताठ उभा राहून शत्रूंवर बाण सोडतोय. तळाशी शत्रू रंगवलेल्या चपला सापडल्या त्याही त्याच्याच.

"सो दे लाइड," मुलगी म्हणाली.

"नाही." त्याची आठी खोल झाली. "घडलं ते लिहायला कारकून असतात. भिंतीवर घडायला हवं ते कोरतात. आणि कोरलं, की ते घडतं."

मुलीने खांदे उडवले. मला मात्र त्या पोराच्या काठ्या काही डोळ्यांपुढून हलेनात. डावाच पाय. रात्री बायको मलमपट्टी करायला खाली बसली, तेव्हा मी तिला म्हणालो, की ह्या चावदिसाला कारीट मीच फोडणार, अंगठा असू दे काळा-निळा. ती पाठ वाकवून पट्टी गुंडाळत राहिली. मधे एकदा फक्त म्हणाली, "पाय हलवू नकात."

अंगठा काळा-निळाच झाला. ताप चढला आणि मला हॉस्पिटलात ठेवलं. ते दिवस माझ्या मनात सलग नाहीत. सलाइनची बाटली, खिडकीत धुळीने पिवळं झालेलं आकाश, मनगटावरच्या पट्टीवर इथल्या ओळखपत्राचा सीपीआर नंबर, आणि मधून मधून शेजाऱ्याचा आवाज. तो सांगत होता, की त्यांची युद्धाची देवी सिंहिणीच्या तोंडाची. राजा लढायला निघाला, की ती पुढे आग ओकत चालायची. रोगराई पाठवायची तीच. पण तिचे पुजारी वैद्य असत, कारण रोग परत घेणारीही तीच. "ती रागावली तर साथ, शांत झाली तर औषध," तो म्हणाला. नेमकी त्याच वेळी डॉक्टरीण आत आली. पांढरा कोट, काळा हिजाब, हळू आवाज. मला तिची फार भीती वाटली. तिने कपाळावर हात ठेवला तेव्हा तिच्याबद्दलच मायाही वाटली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मला स्वप्न पडलं. मी लांबच लांब ओसरीवरून चाललो होतो आणि ओसरी माणसांची होती. पालथी, हात पाठीमागे बांधलेली, रंगवलेली माणसं. मी हलकं पाऊल टाकत होतो, पण पायाला काही कळतच नव्हतं, त्यामुळे हलकं पडतंय की जड, कोण सांगणार? शेवटी मी खाली वाकून विचारलं, "मी जड होतोय का गे?"

पायाखालून आवाज आला, "काय नाय. सवय आसा."

आवाज बायकोचा होता. मी जागा झालो तेव्हा ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती आणि माझ्या चपला तिच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. हॉस्पिटलात खाली ठेवल्या तर कुणीतरी लाथाडील म्हणून. मी तोंड भिंतीकडे केलं आणि रडलो. अंगठ्यासाठी रडतोय असं तिला वाटलं असतं तरी मला चाललं असतं.

अंगठा गेला. गेला तेही पायाला कळलं नाही. पाय वाचला, असं डॉक्टरणीने सांगितलं आणि ती पहिल्यांदा हसली. घरी येताना पुढून उघडा, जाड तळाचा एक बूट मिळाला. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, जन्मभर.

दिवाळी तोंडावर आली होती. उकाडा उतरला होता, संध्याकाळी खिडक्या उघडता येत होत्या. "ह्या वर्षी नाय फोडला तरी चलात," बायको म्हणाली. मी म्हणालो, चालणार नाही. उगाच आवाज चढवला. कुणावर चढवला कोण जाणे. ज्या घरात कर्त्या पुरुषाकडून एवढंसं फळ फुटत नाही, त्या घरात वर्षभर काय काय शिरेल, हे मला दिसत होतं. तुम्ही म्हणाल खुळचटपणा. मीही म्हटलं असतं. पण अंगठा असताना म्हणणं सोपं असतं.

चावदिसाच्या आदल्या संध्याकाळी शेजारी आला. शाळेच्या मुलांना घेऊन तो झल्लाकपलीकडच्या वाळवंटात गेला होता. त्याने खिशातून एक फळ काढून माझ्यापुढे ठेवलं. लिंबापेक्षा मोठं, गोल, पिवळं, हिरवट पट्ट्यांचं. कारिटाचा थोरला भाऊच.

"हंदल," तो म्हणाला. "वाळूत वेल पसरते. कडू म्हणजे काय, ते हे. तुझा शत्रू."

बायकोने ते हातात घेऊन दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. साल टणक होती.

सकाळी अंधार विरघळत असताना तिने मला तेल लावलं, उटणं लावलं, पायाला प्लॅस्टिक गुंडाळून आंघोळ घातली. तुळस आता बाल्कनीत असते. तिच्यापुढे मुलीने पणती लावली, मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि हंदल माझ्या पायापुढे ठेवलं. खाली चौकातल्या गोलाभोवती एखाद-दुसरी गाडी फिरत होती. लांबच्या मशिदीतली बांग नुकतीच संपली होती.

"बूट काढ," मी बायकोला म्हणालो.

"डॉक्टरणीन काय सांगल्यान?"

"चालायचं नाही म्हणाली. मी बसलोय."

ती खाली बसली, बुटाचे पट्टे सोडवले आणि बूट हातात घेऊन माझ्या मागे उभी राहिली. पट्टीत गुंडाळलेला पाय मी उचलला. तो हवेतच राहिला. समोर अंगठा नव्हता, त्यामुळे नेम कशाने धरायचा तेच कळेना. खाली आणला तर फळ सरकेल, जखमेवर भार येईल, पट्टी लाल होईल. पाय भरून आला.

मला वाटलं, आता मुलगी म्हणेल, बाबा, आय विल डू इट. मी त्यालाही तयार होतो. पण ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि माझी टाच तिने दोन्ही हातांनी धरली.

"यू डू इट," ती म्हणाली. "आय विल होल्ड."

तिने पाय सावकाश खाली आणला. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर टाचेत घातला. घातला असावा. पायाला काही कळलं नाही. नेहमीसारखी गोधडी. मागून बायको म्हणाली, "गोविंदा, गोविंदा."

"फुटलं का?" मी विचारलं.

 मग मुलगी म्हणाली, "फुटला, बाबा."

माझ्या मुलीने मालवणीत उत्तर दिलं, असं किती वर्षांत झालं नव्हतं. मी डोळे उघडले. ती खाली बघत होती. फरशी कोरडी होती. तुळशीच्या कुंडीमागे, पणतीचा उजेड जेमतेम पोचत होता तिथे, हंदल पडलं होतं, पिवळं, गोल, कुठे चीरसुद्धा न गेलेलं. मी मान वळवून मागे पाहिलं. बायको बूट छातीशी धरून उभी होती आणि तीही कुंडीकडे बघत नव्हती.

मुलीने फरशीवर बोट टेकवलं आणि माझ्या तोंडापुढे धरलं. मी जीभ लावली. बोटाला उटण्याचा वास होता. दुसरं काही नव्हतं.

मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "कडू आहे."